डालगं, खोका, कॅरेट

रानातून पिलू घरी आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा, ठेवायचं कशात. माझ्या लहानपणी, १९७०च्या आगेमागे, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरकडच्या कुठल्याही घरात त्याचं उत्तर एकच होतं: डालग्याखाली. कोंबडी आणि तिची पिल्लं झाकायचं बांबूचं मोठं डालगं ओसरीच्या कोपऱ्यात कायम पालथं असायचं. बाजरीची सोंगणी चालू असताना ताटांच्या बुडाशी सशाची पिल्लं सापडायची. अंगावर लव, डोळे उघडे आणि हालचाल अजिबात नाही. चुलते ती धोतराच्या सोग्यात घालून आणायचे आणि डालग्याखाली सोडायचे. आम्ही पोरं पालथी पडून फटींतून तासन्‌तास बघत बसायचो.

आजी कापसाचा बोळा गाईच्या दुधात भिजवून त्यांच्या तोंडाशी धरायची. तिच्या हाताला फार माया होती. रात्री उठून ती चुलीतला विस्तव डालग्याजवळ सरकवायची. तरीही पिल्लं दोन-तीन दिवसांत मरायची. मग परसात, पेरूच्या झाडाखाली पुरायची. पुढच्या हंगामात पुन्हा पिल्लं, पुन्हा डालगं. घरात कुणालाच त्यांचं वाईट व्हावंसं वाटत नव्हतं. ती आईविना आहेत, एवढीच सगळ्यांची समजूत होती.

ती आईविना नव्हती. हे मला खूप पुढे, वाचायला लागल्यावर कळलं. सशाची मादी दिवसभर पिलांजवळ बसतच नाही. ती जवळ राहिली तर कोल्ह्या-कुत्र्याला माग लागेल, म्हणून ती पिलांना गवतात बसवून लांब निघून जाते, अंधार पडल्यावर येते, थोडा वेळ पाजते आणि पुन्हा जाते. पिलाचं निश्चल बसून राहणं हेच त्याचं संरक्षण. तिचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट आणि स्निग्ध असतं, म्हणून तर पिलू एवढ्याशा पाजण्यावर दिवस काढू शकतं. आमच्या डालग्याखालच्या त्या प्रत्येक पिलाची आई त्या रात्री सोंगलेल्या बाजरीत येऊन गेली असणार. हा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा मी वर्गात पेपर तपासत होते, आणि बराच वेळ पुढचा पेपर हातात घेता आला नाही.

शिक्षिका म्हणून माझी बहुतेक नोकरी पुण्यात झाली. तिथे डालगं नव्हतं, बुटाचा खोका होता. एप्रिल-मेमध्ये वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सोसायटीतली मुलं खोके घेऊन दारात उभी. बुलबुलाचं पिलू, खारीची पिल्लं, एकदा पिंगळ्याचं. सुट्टी असली तरी बाईंचं घर त्यांना माहीत होतं. मी एका पशुवैद्यांकडे जाऊन नीट विचारून घेतलं आणि ते सगळं मुलांनाही शिकवलं. गारठलेल्या पिलाला आधी ऊब द्यायची, त्याच्या पोटात काही घालण्याची घाई करायची नाही. थंड पडलेल्या अंगाला अन्न पचत नाही. गाईचं दूध खारीच्या पिलाला लागत नाही, त्याला हगवण लागते आणि हगवणीनं ते सुकून जातं. उताणं धरून पाजलं की दूध फुफ्फुसात जातं. पाखराच्या चोचीत पाणी ओतायचं नाही, तेही श्वासनलिकेत उतरतं.

पण या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट मुलांनी आणि मी मिळून पाहिली. फांदी छाटताना खारीचं घरटं खाली आलं होतं. काथ्या, कापूस, चिंध्या आणि त्यात डोळे मिटलेली पिल्लं. मुलांनी नेहमीप्रमाणे खोका आणला. या वेळी तो घरात न नेता आम्ही त्याच झाडाच्या बुंध्याला, मांजराच्या उडीच्या वर, सुतळीनं बांधला आणि सगळे जिन्यात जाऊन बसलो. खार आली. खाली-वर पळाली, चिरचिरली, खोक्यात डोकावली, निघून गेली. परत आली आणि एक पिलू तोंडात धरून शेजारच्या आंब्यावर चढली. मग दुसऱ्यासाठी आली. मुलं श्वास रोखून बघत होती, आणि मीही. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. खारीबाबत, पाखरांबाबत हे खरं नाही. बुलबुलाचं पंख फुटलेलं पिलू तर पुरतं उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतं आणि आईबाप त्याला झुडपात, जमिनीजवळ भरवत राहतात. त्याला उचलून आणणं म्हणजे भरल्या घरातून पोर उचलून आणणं.

खरंच अनाथ झालेली पिल्लंही असतात. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे प्राण्यांचं जे गोकुळ वाढलं, ते अशा पिलांचं. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर काही काळानं जंगलातल्या वाटेवर त्यांना शिकारीहून परतणारे माडिया दिसले. मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिलू अजून बिलगून होतं. ते पिलू त्यांनी मागून घेतलं, आणि पुढे शिकारीत आई गेलेली पिल्लं लोक त्यांच्याकडे आणून देऊ लागले. तिथल्या प्राण्यांवरचं विलास मनोहर यांचं ‘नेगल’ हे पुस्तक मी पुण्यात असताना वाचलं आणि शाळेच्या ग्रंथालयासाठीही घेतलं. तिथे पोटासाठी शिकार होती, आई मेलेली डोळ्यांसमोर होती. अशा पिलाला माणसाशिवाय कुणी उरत नाही, आणि त्याला आयुष्यभर सांभाळणाऱ्यांपुढे मी नतमस्तक आहे. माझ्या वाट्याला आलेली बहुतेक पिल्लं मात्र तशी नव्हती. ती हरवलेलीही नव्हती. आपण त्यांना हरवत होतो.

मी पुण्यात होते तोवर गावाकडचं रान बदललं. कुकडी प्रकल्पाची येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं, बाजरी मागे हटली आणि ऊस आला. ऊस वर्ष-सव्वा वर्ष रानात उभा असतो. माणूस बुडेल एवढी उंची, आत गारवा, जवळ पाणी, भोवती कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याच्या मादीला विण्यासाठी याहून आडोशाची जागा मिळायची नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याच्या पिढ्याच्या पिढ्या आता उसात जन्मलेल्या आहेत. त्यांनी डोंगरातलं जंगल पाहिलेलंही नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू होतात, ऊसतोडीच्या टोळ्या फडात शिरतात, आणि पाचटाखाली पिल्लं सापडायला लागतात. आई दिवसा लांब असते किंवा कोयत्यांच्या आवाजानं सरकते. पिलांना सरकता येत नाही.

निवृत्तीनंतर मी गावी परतले तेव्हा तिसरं भांडं मला भेटलं: कॅरेट. नारायणगावच्या बाजारात ज्यातून वीस-वीस किलो टोमॅटो जातो, ते प्लास्टिकचं कॅरेट. पूर्वी उसात सापडलेली पिल्लं उचलून नेली जायची आणि ती पिंजऱ्यातच मोठी व्हायची. बिबट्याचं पिलू दीड-दोन वर्षं आईबरोबर फिरतं. दबा कसा धरायचा, माणसापासून कसं लपायचं, हे तिच्याकडूनच शिकतं. माणसानं बाटलीनं वाढवलेलं पिलू परत रानात सोडता येत नाही. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आमच्यापासून फार लांब नाही. तिथे वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे डॉक्टर मनापासून काम करतात, पण पिंजऱ्यात म्हाताऱ्या होणाऱ्या जनावराची नजर पाहवत नाही. म्हणून आता तेच लोक कॅरेट घेऊन रानात येतात आणि पिलू सापडल्या जागी आईला परत देतात.

आमच्या भावकीतल्या एका फडात हे मी जवळून पाहिलं. बीडकडची टोळी होती. पाचट ओढताना एका बाईला पिल्लं दिसली, करड्या अंगाची, ठिपके अजून एकमेकांत मिसळलेले. तिचं स्वतःचं तान्हं बांधावर झोळीत होतं. तिनं कोयता खाली ठेवला आणि मुकादमाला ओरडून सांगितलं, “दादा, तोड थांबवा. वाघीण हिथंच असल. तिचं लेकरू हाय.” तोड थांबली. ट्रॅक्टरची ट्रॉली अर्धी भरून उभी. तोडलेला ऊस वाळत पडला की वजन उतरतं, आणि टोळीचा रोज बुडतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मोबाईल वर करून पोरं धावत आली, त्यांना वनरक्षकांनी हाकलून काढलं. डॉक्टरांनी हातमोजे घालून पिल्लं तपासली. आधी ती बिबट्याचीच आहेत ना, हे पाहिलं. उसात वाघाटीची पिल्लंही सापडतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास. तिची पिल्लं बिबट्याची समजून लोक घाबरतात. मग जखमा, शरीरातलं पाणी, नर की मादी हे पाहून, कातडीखाली मायक्रोचिप बसवून, संध्याकाळी पिल्लं पुन्हा त्याच सरीत, कॅरेटमध्ये ठेवली. समोर कॅमेरे लावले आणि माणसं लांब गेली.

सकाळी वनरक्षकांनी मोबाईलवर फोटो दाखवले. मादी मध्यरात्रीच्या आधी आली होती. बराच वेळ लांब बसून राहिली. मग कॅरेटला वळसा, नाक आत, पंजानं कॅरेट आडवं, आणि मानेला धरून एक पिलू. पुन्हा येऊन दुसरं. तिसरं मात्र तिनं त्या रात्री नेलं नाही. ते परत तपासून, दिवसभर सावलीत ठेवून, दुसऱ्या रात्री त्याच जागी ठेवलं. तेव्हा ती आली. टोळीतली ती बाई फोटो बघून काहीच बोलली नाही, तिनं नुसते हात जोडले.

हे लिहिताना मला दुसरी बाजू झाकायची नाही. याच पट्ट्यात बिबट्यानं माणसं मारली आहेत, लहान मुलं उचलून नेली आहेत. थ्री-फेजची वीज रात्री आली की बाप्ये अंधारात पाण्याची दारं धरायला जातात आणि बायका दाराला कडी घालून जाग्या राहतात. ज्या घरातलं पोर गेलं, त्या घराला भूतदया सांगण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. दिवसा वीज, गोठ्याला जाळी, घराजवळचा ऊस मागे घेणं, मदत वेळेवर मिळणं हे शेतकऱ्याचे हक्क आहेत. पण पिलू उचलून नेल्यानं गाव सुरक्षित होत नाही. पिलांसाठी सैरभैर झालेली मादी त्या फडाभोवतीच फिरत राहते. बिबटे पकडून लांब नेऊन सोडण्याचा उपायही इथे करून झाला आहे: या शतकाच्या सुरुवातीला जुन्नरमध्ये तसे बिबटे सोडले गेले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की त्यानंतर जिथे ते सोडले त्या जागांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले. आईला पिलू परत देण्यात दया आहेच, आणि गावाचं हितही आहे.

आजी आज असती तर मी तिला ते फोटो दाखवले असते. तिच्यात माया कमी नव्हती. त्या काळी तिला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

म्हणून मी आता सांगत फिरते. तोडणीच्या दिवसांत फडात पिलू दिसलं, तर कोयता थांबवा आणि मागे या. जागा लक्षात ठेवा. उचलू नका, दूध पाजू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका, गावात नेऊ नका. आई जवळपास असू शकते, आणि कायद्यानं ते पाळताही येत नाही. कारखान्याच्या चिटबॉयला सांगून त्या फडाची तोड एक-दोन दिवस पुढे ढकला. महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा, आणि टोळीच्या मुकादमालाही द्या.