मूळ गाव



जूनमध्ये अर्ज तपासताना माझ्या हातून एक चूक झाली. आपल्या अर्जात 'मूळ गाव' असा एक रकाना आहे. सहावीतल्या एका मुलाने तेथे 'हुबळी' लिहिले होते. आडनाव तर सातारा भागातले. मी लाल शाईने गोल केला आणि शेजारी लिहिले, 'मूळ गाव विचारले आहे, राहण्याचे नव्हे.'

दुसऱ्या दिवशी त्याची आजी कार्यालयात आली. आवाज न चढवता म्हणाली, "बाई, माझ्या सासऱ्यांचे वडील इथल्या रेल्वे वर्कशॉपात लागले. आमचे देव इथं, आमची माणसं गेली ती पण इथंच. अजून कुठलं गाव लिहायचं, तुम्हीच सांगा की." मला उत्तर देता आले नाही.

खरे तर माझी स्थिती काय वेगळी आहे? माझा जन्म इंदूरचा. पणजोबा वाईकडून होळकरांच्या दरबारी कारकुनीला गेले, एवढेच घरात सांगत. माझे सगळे शिक्षण, अगदी बी.ए.सुद्धा, हिंदीतून झाले. लग्न होऊन येथे आले तेव्हा माझे "मी येऊन राहिली आहे" ऐकून सासरच्या बायका तोंडाला पदर लावीत. (त्यांचे "काय करायलीस गं?" ऐकून मीही हसत असे, ते असो.)

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी २०१० साली आली. मी ती आधी हिंदी अनुवादात वाचली, मग मराठीत. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडोला उत्खननात असताना वडील अत्यवस्थ असल्याचे त्याला कळते आणि तो खानदेशातल्या आपल्या मोरगावला निघतो. वाटेत शेती, भाऊबंद, घरातल्या बायका, गेलेली माणसे, सारे त्याच्या मनात गर्दी करते. पुस्तक मोठे आहे आणि मोठ्यांसाठी आहे. मुलांनी अजून थांबावे.

हिंदीत 'अडगळ'ला 'कबाड़' केले आहे. मला ते पटले नाही. कबाड किलोवर विकतात. अडगळ आपण माळ्यावर ठेवतो, कारण टाकायला हात धजत नाही.

कादंबरीच्या भरात मी २०१६ च्या दिवाळीत पणजोबांचे गाव शोधत वाईकडे गेले. गाव सापडले. देवळापाशी एका वृद्ध गृहस्थांना आडनाव सांगितले. त्यांनी मला बसायला सांगितले, पाणी दिले आणि विचारले, "सातबाऱ्याचं काही काम काढलंय का?" मी नाही म्हटले तरी त्यांचा विश्वास बसला नाही. चहा न घेताच मी निघाले. परतीच्या गाडीत फार वाईट वाटत होते.

पुढे कळले की नोबेल मिळालेल्या लेखकाचीही यातून सुटका झाली नव्हती. व्ही. एस. नायपॉल वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचे. त्यांच्या आईचे वडील पूर्व उत्तर प्रदेशातून तिकडे गेलेले. १९६२ साली नायपॉल आजोबांच्या गावी आले, तर एका नातेवाइकाने जमिनीच्या खटल्याचाच विषय काढला. ते वैतागून घाईने निघून गेले. 'अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस' या १९६४ च्या पुस्तकात त्यांनी हे लिहिले आहे. मला मात्र आता वाटते, गावकऱ्यांचे तरी काय चुकले? जो माणूस पिढ्यान् पिढ्या आला नाही, तो जमिनीशिवाय कशाला येईल?

येथे तर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. माणसे जागची हलली नाहीत, राज्य मात्र बदलले. आणि धारवाडी पेढा करणारे ठाकूर घराणे मूळचे उन्नावचे, पण त्या पेढ्याला कोणी उन्नावचा म्हणते का?

त्या मुलाचा अर्ज मी मागवून घेतला, लाल गोल खोडला, खाली सही केली आणि त्याच्या आजींना तसे कळवले.

एक विनंती आहे. आपले कुटुंब येथे कधी, कशासाठी आले, हे आजी-आजोबांकडून पानभर लिहून घ्यावे. मराठी, कन्नड, हिंदी, कोणतीही भाषा चालेल. पाने वर्गशिक्षकांकडे द्यावीत. माझे पान मी लिहायला घेतले आहे. पहिल्या ओळीत इंदूर लिहावे की वाई, तेथेच अजून अडले आहे.

आपली,
मुख्याध्यापिका