दुखत नसताना घ्यायची गोळी

आमच्या घरात अर्धशिशी आजीपासून चालत आली आहे. आजी कपाळाला सुंठेचा लेप लावून माजघरात अंधार करून पडायची. आई बाम आणि कडक चहावर दिवस काढायची. मला ती शारजात आल्यावर जडली. पहाटे साडेपाचला घर सोडून जबल अलीचं ऑफिस गाठायचं, दिवसभर एसी, बाहेर पाऊल टाकलं की डोळे दिपवणारं ऊन, महिनाअखेरीला हिशेबांची घाई. महिन्यातले आठ-नऊ दिवस अर्धं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना कालनिर्णयाची तीन पानं घेऊन गेले. दुखलेल्या दिवशी लाल टिंब, वेदनाशामक घेतलं की शेजारी फुली. डॉक्टर मल्याळी. त्यांना तिथी वाचता येत नव्हत्या, पण टिंबं मोजता आली. फुल्या त्यांनी दोनदा मोजल्या. वेदनाशामकं महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेतली तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं, म्हणाल्या. दोन टिंबं संकष्टीवर होती. उपाशी राहणं हेही एक निमित्त असतं.

आता दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायचं औषध निवडायचं होतं. गंमत म्हणजे यातली जुनी औषधं मुळात दुसऱ्याच आजारांची. प्रोप्रॅनोलॉल हृदयाचं, टोपिरामेट फिट्सचं, ॲमिट्रिप्टिलिन नैराश्याचं. खास मायग्रेनसाठी केलेलं एरेनुमॅबचं महिन्याचं इंजेक्शन अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. पण माझ्या विम्याची अट अशी, की आधी दुसरी औषधं घेऊन पाहिल्याचे कागद दाखवा.

डॉक्टर एकेक प्रश्न विचारत गेल्या. दमा आहे? लहानपणापासून. प्रोप्रॅनोलॉल बाद. मुतखडा? नाही.

"आणखी मूल हवंय का?"

मी गप्प बसले. टोपिरामेटने गर्भाला धोका असतो, म्हणून विचारत होत्या. मी छत्तीस वर्षांची, मुलगी सात वर्षांची. घरभाडं, शाळेची फी, गावाकडचं कर्ज या नावांखाली नवरा आणि मी हा विषय दोन वर्षं टाळत होतो. त्या रात्री मुलगी झोपल्यावर बोललो. ठरलं इतकंच, की अजून नाही म्हणायचं नाही. म्हणजे टोपिरामेटही बाद.

उरलं ॲमिट्रिप्टिलिन. त्याने झोप येते, तोंड कोरडं पडतं, वजन वाढू शकतं. झोपेची भीती मोठी, कारण पहाटे गाडी मीच चालवते. म्हणून दहा मिलिग्रॅमची पहिली गोळी शुक्रवारी रात्री आठला घेतली. शनिवार-रविवार अंगाला कशी मानवते ते पाहिलं, मगच सोमवारी गाडीला हात लावला. मूल हवं असं ठरलं तर दिवस राहण्याआधीच कळवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, दुखत नसताना गोळी कशाला?"

"तू बीपीची गोळी चक्कर आल्यावरच घेतेस का?" म्हटल्यावर हसली.

पहिल्या महिन्यात काही फरक नव्हता. अशा औषधाला दोन-तीन महिने द्यावे लागतात, हे आधी सांगितलेलं असल्यामुळे धीर धरला. पुढे डोस वाढला. तिसऱ्या महिन्याच्या पानावर चार टिंबं होती. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले म्हणजे औषध लागू पडलं, असं डॉक्टर धरतात. ते चार दिवस अजूनही तसेच जातात. वजन दोन किलो वाढलंय, पाण्याची बाटली सतत जवळ लागते. संकष्टीला आता वेळेवर साबुदाणा खाते.

पुढच्या वर्षीचं कालनिर्णय नणंद दिवाळीला येताना आणणार आहे. मुलाचं काय ते जूनपर्यंत ठरवायचं, असं आम्ही दोघांनी म्हटलंय. गोळी कधी कमी करायची, तेही त्यावरच ठरेल.