रम, धबधबा आणि मधली माणसं

मॉरिशसला गेलेल्या पर्यटकाच्या कार्यक्रमात एक दिवस नैर्ऋत्येच्या सहलीचा हमखास असतो. सकाळी हॉटेलच्या दारात गाडी येते. क्यूर्पीपचं विझलेल्या ज्वालामुखीचं विवर, ग्रां बासँचा गंगातलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसची दरी असं करत दुपारी शामारेल गाठायचं. तिथे एकाच तिकिटात सुमारे शंभर मीटरचा धबधबा आणि सात रंगांची माती पाहायची, मग जवळच्या रमच्या आसवनीत गाइडबरोबर फेरी मारायची आणि शेवटी छोट्या पेल्यांतून चव घ्यायची. माहितीपत्रकांत या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या मजा म्हणून येतात, एक निसर्गाची आणि एक जिभेची. मला वाटतं, ही विभागणीच चुकीची आहे. धबधबा आणि रम एकाच कहाणीची दोन टोकं आहेत आणि ती जोडणारी माणसं या सहलीतून बाहेर राहतात. ती आत आणल्याशिवाय धबधबाही पुरता कळत नाही आणि रमही. हे मराठी वाचकाला आवर्जून सांगायचं कारण असं, की त्या माणसांतली काही आपल्या कोकणातून गेलेली होती.

आधी पाण्याचं पाहू. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरची वाफ घेऊन येतात, बेटाच्या मधल्या पठारावर चढतात आणि तिथे पाऊस टाकतात. पठारावर वर्षाला काही ठिकाणी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पश्चिमेचा किनारा त्याच्या पाव वाट्यावर राहतो. पठार आणि किनारा यांच्यात अंतर थोडं आणि उतार फार. म्हणून नद्या आखूड आहेत, त्यांना घाई आहे, आणि लाव्ह्याच्या थरांच्या काठांवरून त्या कोसळतात. हा खडक कोकणातल्या माणसाला अनोळखी नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या तप्त स्थानातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला, तेच स्थान पुढे मॉरिशसच्या खाली आलं आणि आज रियुनियन बेटाखाली धगधगतं आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे शामारेलचा कडा आणि आंबोलीचा कडा एकाच भट्टीतले, फक्त काळ वेगळा. भूगोलाच्या पुस्तकातला हा तपशील तिथल्या उसाच्या शेतात उभं राहिलं की अंगावर येतो. हिरव्या उसाच्या मधोमध काळ्या धोंड्यांचे ढीग दिसतात, काही घराएवढे उंच, कडा नीट रचलेल्या. बेटावर नांगर चालवायचा तर आधी हे धोंडे उचलावे लागत. ते आधी गुलामांनी उचलले, नंतर करारावर आणलेल्या मजुरांनी. सहलीची गाडी या ढिगांजवळून पुढे जाते, पण त्यांचं स्थळदर्शन कार्यक्रमपत्रिकेत नसतं. माझ्या मते त्या दिवसाचं सर्वांत महत्त्वाचं स्मारक तेच आहे.

आता रमचं. शामारेलची आसवनी ताज्या रसाची रम करते. बाकीच्या जगात बहुतेक रम मळीपासून होते, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेल्या काळ्या पाकापासून. इथे ऊस न जाळता हाताने तोडतात, त्याच दिवशी गाळप करतात, रसात यीस्ट घालून तो आंबवतात आणि मग ऊर्ध्वपातन करतात. पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढायची, मधली ठेवायची. तांब्याच्या भांड्याजवळ उभं राहिल्यावर जो गोडसर, आंबूस, थोडा गवती वास येतो, तो आपल्या गुऱ्हाळाच्या आणि साखर कारखान्याच्या वासाच्या मधला आहे. गाइड हे सगळं चांगलं समजावून सांगतात आणि ते ऐकण्यासारखंही असतं. पण त्यातलं एक वाक्य ते सहज बोलून जातात आणि माझ्या दृष्टीने सगळी कहाणी त्या एका वाक्यात आहे: ऊस तोडला की लवकर गाळला पाहिजे. तोडलेल्या उसातली साखर तासातासाने मोडू लागते, रस आंबट होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. फडात तोडून पडलेला, उन्हात वाळणारा ऊस म्हणजे वजनात आणि उताऱ्यात रोजचा तोटा.

उसाच्या या घाईतून फार मोठ्या गोष्टी घडल्या आहेत. गहू कापून महिनाभर ठेवता येतो, ऊस नाही. त्यामुळे गिरणी फडाजवळच हवी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एवढ्याशा बेटावर अडीचशेहून अधिक साखर गिरण्या होत्या, त्या यामुळेच. गळीत हंगामात सगळे हात एकाच वेळी हवेत आणि ते हात मध्येच निघून जाता कामा नयेत. मजूर संपावर गेला, आजारी पडला, जास्त मजुरी देणाऱ्या शेजारच्या मळ्यात गेला, तर उभं पीक वाया जाणार. मळेवाल्याने यावर शोधलेला उपाय म्हणजे बांधलेला माणूस. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. माहे द ला बूर्दोने या फ्रेंच गव्हर्नराच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, साखरेचा धंदा उभा राहिला तो मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या बळावर. १८१० मध्ये इंग्रज आले, १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी कायद्याने संपली, आणि सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई दिली गेली ती मालकांना. गुलामाला छदाम मिळाला नाही. त्याच सुमारास नवी सोय सुरू झालेली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत त्यांच्या मागून साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, काही मुंबईहून.

मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे लोक होते. महिना पाच रुपये मजुरी, वर शिधा, पाच वर्षांचा करार. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. मजुराजवळ फोटो लावलेला पास नसेल तर त्याला भटक्या ठरवून पकडता येई. मजूर उतरला की त्याचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव आणि अंगावरच्या खुणा नोंदवत. त्या वह्या आजही मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. आदोल्फ द प्लेविट्झ या युरोपीय मळेवाल्याने १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांच्या वतीने गव्हर्नराकडे अर्ज केला, तेव्हा कुठे लंडनहून चौकशी आयोग आला. त्या अर्जातल्या प्रत्येक माणसाला ही साखरेची व्यवस्था नेमकी काय आहे हे ठाऊक होतं. आजच्या पर्यटकाला ते अर्ध्या तासाच्या फेरीत एका वाक्यानेही कळत नाही, ही माझी तक्रार आहे.

धबधब्याकडे परत येऊ, कारण तो या कहाणीच्या बाहेर नाही. शामारेल हे नावच एका फ्रेंच जमीनदाराचं, आणि धबधब्याभोवतीची जमीन आजही खासगी मालकीची. पाणी पठारावरून येतं, पण ते पाहायचं तर मळ्याच्या दारातून आत जावं लागतं. त्याच पठाराच्या कडेवरून खाली उतरणारा दुसरा मोठा धबधबा म्हणजे तामारँचा, सात टप्प्यांचा. त्याचं पाणी अडवून वीज केली जाते. त्याच्या माथ्याशी हेन्रिएटा नावाचं गाव आहे आणि मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये या गावात झाला, असं तिथले मराठी लोक सांगतात. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचली जाते, शाळेत मराठी हा विषय आहे. कॅस्कावेलला मराठी मंडळींचं देऊळ आहे, तेही याच पश्चिम भागात. म्हणजे पाण्याच्या ज्या वाटेने सहलीची गाडी फिरते, त्याच वाटेवर ही माणसं वसली, राबली आणि टिकली. निसर्ग एकीकडे आणि इतिहास दुसरीकडे अशी मांडणी इथे करताच येत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो सुट्टीचा. माणूस पैसे साठवून, बऱ्याचदा लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाला, चार दिवस निवांत घालवायला जातो. त्याच्या हातातल्या पेल्यात दुःख का ओतायचं? आक्षेप खरा आहे, पण तो धरून चालतो की इतिहास म्हणजे फक्त दुःख. याच सहलीत पुष्कळदा ल मॉर्नचा डोंगर दाखवतात आणि पळून गेलेल्या गुलामांची दंतकथा सांगतात: स्वातंत्र्याची बातमी घेऊन शिपाई येताना दिसले, ते पकडायलाच आले असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही कथा पर्यटक जिवाचा कान करून ऐकतात. म्हणजे शोकाची अडचण नाही. अडचण आहे ती मजुरीच्या, कराराच्या, धोंडे उचलण्याच्या कथेची, कारण तिच्यात कड्यावरची उडी नाही, फक्त रोजचं काम आहे. आणि तीच कथा जास्त उमेदीची आहे. पुढे याच मजुरांच्या मुलांनी मळ्यांचे तुकडे विकत घेतले, स्वतः ऊस लावला, गिरणीने भाव पाडला तेव्हा १९३७ मध्ये ते रस्त्यावर उतरले. १९४३ मध्ये बेलव्ह्यू हारेलच्या मळ्यावर पोलिसांच्या गोळीबारात अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री मारली गेली. आज तिचं नाव देशातल्या एका स्टेडियमला आहे. सुट्टीवरच्या माणसाला हे ऐकवून त्याची सुट्टी खराब होईल, असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही आसवनी २००८ मध्ये सुरू झाली. तिथे कधी गुलाम नव्हता, करारी मजूर नव्हता; जुन्या मळ्यांचं ओझं तिच्या खांद्यावर का? त्यातून अशा ठिकाणांमुळे गावातल्या पोरांना काम मिळतं, आणि शामारेल हे मुख्यतः गुलामांच्या वंशजांचं, क्रिओल गाव आहे. हे सगळं मान्य. पण आसवनी २००८ मध्येच का आली, हे विचारलं की उत्तर पुन्हा साखरेकडे जातं. १९७५ पासून युरोप मॉरिशसकडून वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेत असे. हा भाव २००६ नंतर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला गेला आणि २००९ मध्ये तो करारच संपला. गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. उसाला साखरेपलीकडचं मोल शोधणं भाग होतं. त्यातून उसाच्या चोथ्याची, म्हणजे बगॅसची, वीज आली, चांगल्या प्रतीची रम आली, आणि मळ्याची जमीनच पाहण्याची वस्तू झाली. तेव्हा शामारेलची फेरी म्हणजे साखरेच्या पावणेचारशे वर्षांच्या प्रवासाचं ताजं पान आहे. मागची पानं फाडून ते वाचता येत नाही. हाताने तोडलेला ऊस ही आपल्या रमची खूण म्हणून ती आसवनी सांगते. तर मग त्या हातांचं, आजच्या आणि कालच्या, नाव घेणं तिला जड का जावं?

कुणी म्हणेल, त्यासाठी संग्रहालयं आहेतच. आहेत, आणि चांगली आहेत. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे हे मजूर उतरत, २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्याच्या सोळा पायऱ्या चढून गेलेल्या माणसांच्या वंशजांपैकी पुढे कित्येक जण त्या देशाचे मंत्री झाले. बो प्लांच्या बंद पडलेल्या साखर गिरणीत साखरेचं उत्तम संग्रहालय आहे. पण संग्रहालयात ज्याला जायचं असतं तोच जातो. शामारेलला मात्र सगळेच जातात. दारूला हात न लावणारी कुटुंबंही धबधब्यासाठी जातात आणि आसवनीच्या बागेत बसून उसाचा रस पितात. जिथे सगळे जातात तिथेच सांगायला हवं. मॉरिशसने २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमून गुलामगिरी आणि करारी मजुरी यांची चौकशी केली, २०११ मध्ये अहवाल आला. ज्या देशाने आपल्या भूतकाळाकडे इतक्या धीटपणे पाहिलं, त्याच्या गाइडांना दहा मिनिटं जास्त बोलायला सांगणं अवघड नाही.

आणि ही मागणी मी मॉरिशसच्या लोकांआधी आपल्याकडच्या सहल कंपन्यांकडे करेन. पुण्या-मुंबईहून गट नेणारे संयोजक मराठी जेवणाची सोय करतात, मराठी बोलणारा टूर मॅनेजर देतात, गंगातलावावर आरती करवतात. शामारेलहून परतताना गाडी पठारावरून वाक्वाकडे येते आणि हेन्रिएटा तिथून लांब नाही. तिथे अर्धा तास थांबावं. गावातल्या मराठी माणसांना आधी कळवून, त्यांचं मानधन ठरवून, त्यांच्याच तोंडून त्यांच्या घराण्यांची हकीकत ऐकावी. आणि वाटेत उसाच्या शेताकडेला गाडी थांबवून त्या काळ्या धोंड्यांचे ढीग दाखवावेत, ते कुणी रचले हे सांगावं. जहाजांच्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात या सहली जो वेळ देतात, त्यातून एवढा वेळ सहज निघेल.