मधली भिंत

जळकोटच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे भर दुपारी दिवेलागण. दार बुटकं, खिडकी नाही. उजेड यायचा तो माळवदाच्या साण्यातून, तोही धुराशी भांडत. रुपयाएवढा कवडसा उतरंडीवरून भानवशीवर सरकला की आजी काटवटीत पीठ घ्यायची. घड्याळ बैठकीत होतं. तिथं तिचं काय काम?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. माणसं मेली ती घरांखालीच. वर्षानुवर्षं पांढऱ्या मातीचे थर चढवून जड झालेली माळवदं, खाली चिखलात रचलेले दगड. आमचं घर उभं राहिलं, पण त्या मातीखाली कुणाला झोप लागेना. माळवद उतरवलं, पत्रे घातले. साणं गेलं. पुढं गॅस आला, ओटा आला, अंधार मात्र जागचा हलला नाही.

यंदा लेकीच्या हट्टानं ओपन किचन ठरलं. मिस्त्रीनं टेकू लावले, गर्डर चढवला आणि मधली भिंत वरून दगडादगडानं उतरवायला घेतली. थोड्या वेळानं मला हाक मारली. दोन फुटी भिंत मुळात एक नव्हतीच! बैठकीकडून दगडांचा एक पदर, चुलीकडून दुसरा, मधे नुसती माती न् खडे. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. भूकंपात अशाच भिंती उकलल्या होत्या. तिलाच पाठ टेकून आम्ही पुरुषांनी इतकी वर्षं पेपर वाचला. पलीकडे काय ऐकू जात होतं, कधी मनात आलं नाही. आईला मात्र बैठकीतला शब्द न् शब्द माहीत असायचा.

आता ओट्यापासून थेट हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक दिसतात. ग्रॅनाइट चकचकीत. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "समद्यांच्या म्होरं बसून भाकरी थापू व्हय रं?"

वाद घातला नाही तिनं. आठ दिवसांत परसात पत्र्याचा आडोसा उभा राहिला. पाडलेल्या भिंतीतलेच तीन काजळलेले दगड निवडून चूल मांडली. शेजारणी हल्ली मागच्या दारानं येतात. नव्या ओट्यावर चहा होतो. पाहुणे त्यावर हात फिरवून खर्च विचारतात, मी आकडा सांगतो. तेवढ्यात मागून भाकरीचा खरपूस वास येतो, बायकांचं हसू येतं. मी परसात डोकावलो की ते थांबतं.