वरातीतल्या बाज्याचं माहेर

आमच्या कवठे महांकाळला सॅक्सोफोन म्हणजे वरातीच्या बँडमधला तो सोंडेसारखा वाकडा बाजा. त्याचं नाव कुणी विचारत नाही. नवरदेव घोड्यावरून उतरला की तो गप्प. त्याच बाज्याची स्पर्धा ऐकायला मी बेल्जियममधल्या दिनाँ गावी पोहोचलो, पिशवीत घरचे बेदाणे घेऊन.

एका अंगाला म्यूझ नदी, दुसऱ्या अंगाला उभा कडा, कड्यावर ४०८ पायऱ्यांचा किल्ला आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. गावाकडच्या अग्रणी नदीचं कोरडं पात्र बघत वाढलेल्या माणसाला आधी नदीच चमत्कार वाटते. मग दिसतो पूल. त्याच्या दोन्ही कठड्यांशी माणसाहून उंच, रंगीबेरंगी सॅक्सोफोन उभे!

इथे ६ नोव्हेंबर १८१४ ला अडॉल्फ सॅक्स जन्मला. हे पोर लहानपणी तीन मजल्यांवरून पडलं, टाचणी गिळून बसलं, आम्लाचं पाणी प्यालं, तरी जगलं. आमच्या आजीनं त्याची रोज दृष्ट काढली असती. बाप वाद्यं घडवायचा. पोरानं १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण वाजतं बोरूसारख्या पत्तीवर. म्हणून जाणकार त्याला बासरी-क्लॅरिनेटच्या पंगतीत बसवतात. मला आपली सनई आठवली.

सभागृहात एक मुलगी पियानोच्या साथीनं वाजवत होती. सूर इतका अलगद उचलला की वरातीतला बाजा हाच, हे पटेना. माझ्या तोंडून 'वाह!' निघून गेलं. शेजारच्या बाईंनी असं बघितलं, जणू मी गाभाऱ्यात चपला घालून शिरलो. तुकडा पुरा संपेपर्यंत टाळीसुद्धा वाजवायची नसते म्हणे.

पण खरा अचंबा स्पर्धेच्या नावाचा. ती १९९४ मध्ये, सॅक्सला जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा सुरू झाली, आणि नाव आहे घडवणाऱ्याचं! हयातीत तीनदा दिवाळं निघालेल्या कारागिराचं. हे गाव मुळात तांब्या-पितळेच्या कामाचं. त्या कलेला फ्रेंचमध्ये नावच या गावावरून पडलंय. आमच्या शेजारच्या मिरजेतही हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांतल्या फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमाराला सतारीला हात घातला. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं रंगतं, ते योग्यच. पण फरीदसाहेबांचं नाव दिनाँत बसून आठवावं लागलं, याची मला लाज वाटली.

मिरजेला उतरलात तर सतारमेकरांच्या गल्लीत डोकवा आणि समोरचा तानपुरा कुणी घडवला, ते नावानिशी विचारा.