माती कुठली?

सातवीच्या वर्गात आम्ही प्राचीन व्यापार शिकवत होतो. रोमन जहाजे, मिरी, मणी असे सारे फळ्यावर लिहून झाले. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, हम लोग बाहर से आए हैं क्या?" मैदानावर खेळताना त्याला कुणीतरी तसे म्हटले होते. वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. बी.एड.ला असताना हाच प्रश्न आम्हालाही हसत हसत विचारला गेला होता आणि तेव्हाही उत्तर सुचले नव्हते.

आम्ही मुलांना अरिकामेडूची हकीकत सांगितली.

पुदुच्चेरीजवळच्या या ठिकाणी १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले. इटलीतल्या अरेत्सोच्या धाटणीची तांबडी भांडी निघाली, रोमन कुंभ निघाले. त्यांच्यासोबत करड्या-काळ्या, गुळगुळीत थाळ्याही निघाल्या. आत तळाशी बारीक ठशांची वर्तुळे असलेली ही चक्रांकित भांडी. नक्षी पाहून व्हीलरांनी ठरवले, हे काम भूमध्य समुद्राकडचे. पुढे कित्येक वर्षे तेच मानले गेले. १९८८ साली विमला बेगली यांनी ही भांडी भारतातच घडल्याचे मांडले.

मग खुद्द मातीलाच विचारण्यात आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील विश्वास गोगटे यांनी खापरांची क्ष-किरणांनी तपासणी केली. खापराची पूड करून तिच्यावर क्ष-किरण सोडले, की प्रत्येक खनिज ते आपापल्या ठरलेल्या कोनांत वळवते. त्यावरून मातीत काय काय आहे ते कळते. मग ठिकठिकाणच्या मातीशी ते ताडून पाहायचे. नक्षीची नक्कल करता येते, मातीची येत नाही. १९९७ साली गोगटे यांनी निष्कर्ष मांडला : ही माती बंगालमधल्या चंद्रकेतुगड-तामलुक भागातली. तिथूनच ही भांडी दक्षिणेत आणि थेट बालीपर्यंत गेली. २००५ साली दुसऱ्या अभ्यासकांनी मूलद्रव्ये मोजली. त्यांनाही या भांड्यांची माती एकाच भूभागातली आढळली.

मुले खूश झाली. "मतलब सर, हम यहीं के हैं!"

आम्ही त्यांना थांबवले. त्याच अरिकामेडूत इटलीची भांडीही होतीच. दोन हजार वर्षे तीही इथल्याच मातीत पडून होती. आणि माणूस म्हणजे काही खापर नव्हे. आपल्यात कुणाचे पूर्वज गलबतातून उतरले असतील, कुणाचे इथलेच कोळी, कुणबी, विणकर असतील. बहुतेक घरांत दोन्ही मिसळले असतील.

मुलांना सांगता सांगता आम्हालाच एक गोष्ट उमगली. आमचे नाव ऐकून आमचे मूळ ठरवणारे लोक नक्षीच पाहतात. पण आमच्यातलेही काही बुजुर्ग शिजरा उघडून अभिमानाने अरबस्तानापर्यंत पोचतात आणि गावातल्या पिंजाऱ्याच्या घरी सोयरीक करत नाहीत. तेही नक्षीच पाहतात. मातीला विचारायची भीती दोघांनाही वाटते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा फुटक्या माठाचे खापर कागदात गुंडाळून घेऊन आला. "सर, इसकी मिट्टी कहाँ की है?"

आमच्यापाशी क्ष-किरणांचे यंत्र कुठले? आम्ही म्हणालो, "बेटा, पहले अपने गाँव के कुम्हार चाचा से पूछकर आ."