लेखणीची ओळख

ज्ञानदेव एक की दोन, हा प्रश्न मराठी माणसाने एकेकाळी हमरीतुमरीवर येऊन चर्चिला. १८९८-९९च्या सुमारास आगरकरांनी स्थापिलेल्या ‘सुधारक’ पत्रात शिवराम एकनाथ भारदे यांनी प्रतिपादिले, की ज्ञानेश्वरीचा कर्ता निराळा आणि विठ्ठलभक्तीचे अभंग रचणारा ज्ञानदेव निराळा. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची पुष्कळच अलीकडची. शिवाय नऊ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे नाव नाही, हा त्यांचा मुद्दा. गंमत अशी, की दुसऱ्याचे कर्तृत्व तपासणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः मात्र ‘भारद्वाज’ हे टोपणनाव पांघरले होते!

भारद्वाजांना उत्तर देता येते, आणि ते आम्हांस मोलाचे वाटते. ज्ञानेश्वरी पोथीतून पोथीत उतरली. १५८४ साली एकनाथांनी तिचे पाठ शुद्ध केले. अभंग वारकऱ्यांच्या कंठात राहिले, आणि कंठातला शब्द पिढीगणिक नवा होत जातो. तेव्हा भाषा अलीकडची म्हणून कर्ता अलीकडचा, हे अनुमान टिकत नाही. दुसरे असे, की गीतेवर भाष्य करणारी वाणी आणि देवाला आळवणारी वाणी एकाच माणसाची असूनही भिन्न असू शकते. आम्ही धर्मप्रांताच्या कार्यालयास पाठविलेला अहवाल आणि आईला लिहिलेले पत्र शेजारी ठेवले, तर एखादा चतुर परीक्षक एका धर्मगुरूचे दोन करील. गुरुदेव रा. द. रानडे यांनी ‘एकच’ असा कौल दिला. आमचाही ओढा तिकडेच आहे.

अमेरिकेत १९६४ साली मॉस्टेलर आणि वॉलेस या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील १२ वादग्रस्त लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हे शोधले. त्यांनी भारदस्त शब्द बाजूला ठेवले आणि ‘अपॉन’सारखे क्षुल्लक शब्द मोजले. कौल मॅडिसनकडे गेला. मोठे शब्द माणूस निवडून घेतो. ‘आणि’ की ‘व’, ‘पण’ की ‘परंतु’, हे मात्र हातून आपसूक पडते.

वाचकहो, ही विद्या दुरून जितकी मोहक, तितकी जवळून कठीण. काही वर्षांपूर्वी नांदुऱ्याच्या आमच्या मूठभर ख्रिस्ती कुटुंबांत एक निनावी पत्र फिरले. मुलांचा धर्मशिक्षण वर्ग घेणाऱ्या एका विधवा भगिनीने वर्गणीचे पैसे खाल्ले, असा त्यात आरोप होता. आम्ही हिशेब तपासला. पै न पै जुळली. परंतु मंडळीचे तेवढ्याने समाधान होईना. त्यांना लिहिणारा हवा होता. पत्रात ‘काहून’ होते, ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ होते. एवढ्यावरून एका तरुणाचे नाव ठरूनही गेले, कारण तो तसेच लिहितो म्हणे. आम्ही विचारले, नांदुऱ्याच्या बाजारात ‘काहून’ कोण म्हणत नाही? मलकापुरापासून खामगावापर्यंत किती जणांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो! जी खूण साऱ्या वऱ्हाडाची, ती एकाची कशी? खूण अशी हवी, जी एकाच्या लेखणीत वारंवार उमटते आणि दुसऱ्याच्या उमटत नाही. ती मोजावयास मजकूरही भरपूर लागतो. येथे अवघ्या अकरा ओळी होत्या. शिवाय दुसऱ्यावर आळ यावा म्हणूनही कोणी बोली उसनी घेतो. “फादर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा,” असा आग्रह झाला. आम्ही कोणाचेही नाव घेतले नाही. त्या भगिनीने वर्ग पुढे चालविला. तो तरुण मात्र गायनवृंद सोडून गेला. भुसावळला काम धरले आणि तेथील चर्चमध्ये गातो, असे ऐकतो.

आपल्या घरातही असे कोडे आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे लंडनच्या मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी प्रत सापडली. तीत पोर्तुगीज धर्मशब्दांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. ते फादरांचे की मागाहून आलेल्या कोणा हाताचे, यावर अभ्यासक वाद घालतात.

आणि इब्री लोकांस पत्र? तिसऱ्या शतकात ओरिजेनने त्याच्या ग्रीक भाषेची धाटणी पाहून म्हटले, की विचार पौलाचे असले तरी शब्दरचना दुसऱ्याची आहे. लिहिणारा कोण, हे देवच जाणे. १९१४ साली रोमच्या बायबल आयोगाने पौलाचे कर्तृत्व राखले, तरी पत्राला हे रूप दुसऱ्या कोणी दिले असेल, याला वाव ठेवला. आज मिस्सात ते वाचताना पौलाचे नाव घेत नाहीत. आमच्याकडील एक आजोबा मिस्सानंतर दाराशी थांबून विचारतात, “फादर, पौलाचं नाव काहून घेतलं नाही?” आम्ही त्यांना ओरिजेनची हकीकत सांगतो. ते मान डोलावतात, आणि पुढल्या वेळी पुन्हा विचारतात.